नव्या घराचा आराखडा : आधी माणसे, मग खोल्या

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आज आम्हांला बोलण्यासाठी दिलेला विषय मोठा तात्त्विक नाही. 'नवे घर बांधताना आतली मांडणी कशी ठरवावी' एवढाच तो आहे. आमचे सारे आयुष्य बांधकामाच्या नकाशांशी गेले. कागदावर घरे काढणे, ती जागेवर आखून देणे आणि मग त्या घरात माणसे कशी राहतात हे पाहणे, हाच आमचा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे मंडळाला वाटले असावे की या माणसाला घराची मांडणी कळते. खरी गोष्ट अशी की आम्हांला ती कळली, पण स्वतःचे घर बांधून झाल्यावर. आज त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

१९९४ साली आम्ही तालुक्याच्या गावी घर बांधले. कर्ज काढले, सोने मोडले, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलली. घर बाहेरून वीस फूट बाय तीस फूट, म्हणजे सहाशे चौरस फूट. घरात माणसे पाच : आम्ही उभयता, आमची वृद्ध आई, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. आराखडा आम्हीच काढला. दुसऱ्या कोणाला पैसे देण्याची गरजच नव्हती. आमच्या मनात एकच गोष्ट होती, की हॉल मोठा पाहिजे. जन्म गेला एका खोलीत; आता चार माणसे आली तर बसायला ऐसपैस जागा पाहिजे, सोफा पाहिजे, शोकेस पाहिजे, भिंतीवर बाबासाहेबांची मोठी तसबीर पाहिजे. म्हणून समोरचा हॉल साडेअठरा फूट रुंद आणि चौदा फूट खोल असा काढला. त्याचे होतात २५९ चौरस फूट. मागे एक झोपण्याची खोली, आठ बाय साडेनऊचे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर-संडास. गृहप्रवेशाला आलेले सर्वजण हॉल पाहून खूष झाले. आम्हीही खूष झालो.

त्याच वर्षी हिवाळ्यात एके रात्री टाकीतले पाणी पाहायला आम्ही गच्चीवर निघालो. जिन्याच्या वरच्या पायरीवर चाळीस वॉटच्या दिव्याखाली मुलगी गुडघ्यावर वही ठेवून भूमिती सोडवीत बसली होती. अंगावर शाल. आम्ही विचारले, 'इथे का गं?' ती म्हणाली, 'खाली पाहुणे आहेत, टीव्ही चालू आहे. आतल्या खोलीत आजी झोपली आहे, दिवा लावला की तिला त्रास होतो. इथे बरं आहे.' तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि हीच गोष्ट आम्हांला अधिक लागली. सहाशे फुटांच्या नव्या घरात तिला अभ्यासाला जागा मिळाली ती जिन्यावर, आणि तो जिना आम्ही आराखड्यात उरलेल्या कोपऱ्यात कसाबसा बसवला होता.

मुलगी पास झाली, पुढे शिकली, नोकरीला लागली. त्याचे श्रेय तिला आहे, थोडे त्या जिन्याला आहे. आमच्या हॉलला मुळीच नाही.

मित्रहो, त्या रात्री आम्ही आमचाच नकाशा पुन्हा काढून बसलो. हिशेब केला. बाहेरून सहाशे फूट दिसणाऱ्या घराच्या चारही बाहेरच्या भिंती नऊ इंची. त्या वजा केल्या की आतून उरते साडेअठरा बाय साडेअठ्ठावीस, म्हणजे ५२७ चौरस फूट. सुमारे ७३ फूट भिंतीतच गेले. घर बांधणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की ठेकेदार बोलतो ते बाहेरचे माप आणि आपण राहतो ते आतल्या मापात. त्या ५२७ पैकी २५९ म्हणजे जवळजवळ निम्मी जागा आम्ही पाहुण्यांना दिली होती. पाहुणे येतात महिन्यातून दोन-चार वेळा. घरची पाच माणसे रोज राहतात.

मग आम्ही पेन्सिल घेऊन त्याच हॉलची फेरमांडणी केली. बैठकीची खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० फूट. तिच्या शेजारी उत्तरेच्या बाजूला आठ बाय बाराची, म्हणजे ९६ फुटांची मुलांची खोली. मधे बारा फूट लांबीची एक साडेचार इंची भिंत. एवढे करूनही खोलीत दोन फूट उरले, ते मागच्या बाजूला सरकवले असते तर स्वयंपाकघर साडेनऊऐवजी साडेअकरा फूट लांब झाले असते. आमची चूक काय ती बारा फुटांची एक भिंत! पैसे कमी नव्हते, जागाही कमी नव्हती. कमी पडला तो विचार. आम्ही खोल्या मोजल्या होत्या, माणसे मोजली नव्हती.

म्हणून आज आपणांस आमचे सांगणे एकच आहे. आधी माणसे मोजा, त्यांचे तास मोजा, आणि मग खोल्या काढा. त्यातही पहिली जागा अभ्यासाची ठरवा. बाकीच्या खोल्या तिच्याभोवती बसतात.

कोणी म्हणेल, घर लहान असताना अभ्यासाची चैन कुठली? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेब शाळेत असताना त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. खोलीत संसाराचे सारे सामान, झोपायला उशाशी जाते आणि पायाशी शेळी. अशा ठिकाणी अभ्यासाची खोली कुठून आणायची? सुभेदार रामजींनी खोली नाही तर वेळ वाटून दिली. मुलाने लवकर झोपावे. वडिलांनी स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागावे आणि त्याला अभ्यासाला उठवून मग आपण आडवे व्हावे. मित्रहो, बांधकामाच्या भाषेत सांगायचे तर हाही आराखडाच होता. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी दिवसाचे तास मांडले. चोवीस तासांतला सर्वांत शांत तुकडा शोधला आणि तो मुलाच्या नावे केला.

पुढे बाबासाहेब स्वतः घर बांधण्याच्या स्थितीत आले तेव्हा काय झाले तेही पाहा. परळच्याच बी. आय. टी. चाळीतल्या दोन खोल्यांत ते बरीच वर्षे राहिले. ग्रंथ वाढत गेले, जागा पुरेना. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर उभारले आणि मगधाच्या प्राचीन राजधानीवरून त्याला 'राजगृह' हे नाव दिले. त्या घराची मांडणी ग्रंथसंग्रह डोळ्यांपुढे ठेवून झाली. कुटुंबाचा संसार खाली, ग्रंथ आणि वाचन-लेखनाची जागा वर. ज्या माणसाने शेळीच्या सोबतीने अभ्यास केला त्याने घर बांधताना दिवाणखाना किती मोठा हे आधी पाहिले नाही, पुस्तके कुठे राहतील हे आधी पाहिले. माता रमाईंनी २७ मे १९३५ रोजी याच वास्तूत शेवटचा श्वास घेतला. आपल्यापैकी अनेकजण तेथे दर्शनाला जातात. यापुढे जाल तेव्हा नमस्कारासोबत त्या घराची मांडणीही नजरेत भरून आणा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

आराखडा काढण्यापूर्वी एक साधा तक्ता करावा. उभ्या ओळीत घरातील माणसांची नावे, आडव्या ओळीत दिवसाचे तास. सकाळी सहाला कोण काय करते, आठला कोण कुठे असते, दुपारी घरात कोण असते, रात्री नऊला कोण झोपते आणि कोण जागते. हा तक्ता पुरुषांनी एकट्याने भरू नये. तो भरल्यावर घराच्या अडचणी आपोआप दिसू लागतात. सकाळी सहा ते आठ या दोन तासांत पाचही माणसांना न्हाणीघर हवे असते, म्हणजे संडास आणि न्हाणीघर वेगळे हवे. रात्री नऊ ते अकरा एकाला बातम्या हव्यात, एकाला झोप हवी आणि एकाला अभ्यास; म्हणजे या तीन गोष्टी एका खोलीत बसणार नाहीत.

त्यानंतर शाळेच्या चौकटीच्या वहीतला कागद घ्यावा. एक चौकोन म्हणजे एक फूट धरावा. खोल्या काढण्याआधी सामानाचे कागदी तुकडे त्याच मापाने कापावेत. एक माणसाची खाट सहा बाय तीन, दोघांचा पलंग सव्वासहा बाय पाच, कपाट तीन बाय दीड, अभ्यासाचे टेबल चार बाय दोन. खाटेच्या बाजूने माणूस जायला दोन फूट हवेत. दार उघडते तेव्हा त्याचे पान किती जागा झाडून जाते तेही काढावे. पुष्कळ घरांत खोली मोठी असते, पण दोन दारे, एक खिडकी आणि कपाट यांत खाट लावायला सलग भिंतच सापडत नाही. दार भिंतीच्या मध्यावर न ठेवता कोपऱ्याकडे सरकवले तर तेवढ्याच खोलीत एक खाट जास्त मावते. याला पैसा लागत नाही.

कागदावर पटले की प्लॉटवर जावे. फक्कीने खोल्या खऱ्या मापात जमिनीवर आखाव्यात आणि घरच्या सर्वांनी त्यात चालून पाहावे. बायकोने स्वयंपाकघराच्या रेघेत उभे राहून पाहावे. आजीला खाटेच्या जागेवरून संडासाच्या जागेपर्यंत चालायला सांगावे आणि पावले मोजावीत. फक्की पुसता येते, पाया पुसता येत नाही.

खोल्या किती मोठ्या हव्यात याला काही किमान मापे आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीनुसार राहण्याच्या खोल्यांपैकी एक तरी ९.५ चौरस मीटरची, म्हणजे साधारण १०२ चौरस फुटांची असावी, दुसरी ७.५ चौरस मीटरची, म्हणजे ८१ चौरस फुटांची चालते. स्वयंपाकघर जेवणाच्या जागेसह असेल तर तेही ७.५ चौरस मीटर असावे. छताची उंची पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फुटांच्या वर. ही मापे किमान आहेत. आमची आठ बाय बाराची न झालेली खोली या मापात आरामात बसत होती. आपल्या नगरपरिषदेचे किंवा ग्रामपंचायतीचे नियम वेगळे असू शकतात. मंजुरीसाठी नकाशा देण्याआधी तेथे विचारून घ्यावे.

खिडक्यांचेही प्रमाण आहे. कोरड्या, उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या दहावा हिस्सा आणि दमट, उष्ण हवामानात सहावा हिस्सा उघडणारी खिडकी असावी. ९६ फुटांच्या खोलीला कोकणात १६ चौरस फुटांची, म्हणजे चार बाय चारची खिडकी लागेल. कोरड्या भागात दहा फुटांची पुरेल. समोरासमोरच्या दोन भिंतींत उघडी जागा ठेवली तर वारा खेळतो. एकाच भिंतीत दोन मोठ्या खिडक्या ठेवून तेवढा वारा मिळत नाही.

आता दिशांविषयी. हा भाग थोडा स्पष्ट बोलावा लागेल. अलीकडे आपल्या वस्त्यांमध्येही दिशांचे सल्लागार येऊ लागले आहेत. आमच्या माहितीतील एका कुटुंबाने असा सल्ला ऐकून चांगला बांधलेला संडास पाडला आणि दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा बांधला. त्यात मुलाच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे गेले. दिशेने घरात काय आणले ते ठाऊक नाही, पण मुलाचे एक वर्ष नेले हे आम्ही पाहिले.

मित्रहो, दिशा ठरवून देणारे शास्त्र आपल्याला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराची रचना सांगितली आहे. कोणत्या वर्णाने कोणत्या दिशेला राहावे हे त्यात दिले आहे, आणि चांडालांनी स्मशानाच्या कडेला राहावे असेही दिले आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची घरे गावकुसाबाहेर कोणत्या बाजूला असावीत हे त्यांना कोणी विचारले नव्हते. घराची जागा आणि दारांची दिशा दुसऱ्याने ठरवावी हे आपण पिढ्यान् पिढ्या सोसले. आज प्रथमच आपल्या हातात पेन्सिल आली आहे. ती पुन्हा दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

याचा अर्थ दिशांना महत्त्व नाही असा मात्र नव्हे. दिशा पाहायच्या त्या ऊन, वारा आणि पाऊस यांच्यासाठी. महाराष्ट्रात पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून त्या बाजूच्या खिडक्यांना रुंद छज्जा हवा, नाहीतर पाणी आत येते. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडते. म्हणून झोपण्याची खोली शक्यतो तिला लागून नसावी. त्या बाजूला पडवी, जिना किंवा सामानाची खोली ठेवली तर तीच घराची छत्री होते. वारा पश्चिमेकडून येतो तर स्वयंपाकघर पूर्वेकडे असल्यास धूर आणि फोडणीचा वास घरभर न फिरता बाहेर जातो, शिवाय सकाळचे ऊन ओट्यावर येते. उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, सारखा मऊ उजेड मिळतो. म्हणून ती बाजू अभ्यासाला उत्तम. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. तेव्हा उत्तरेची खिडकी डाव्या हाताला ठेवून पूर्वेकडे तोंड करून बसेल असे टेबल लावा. डावखुऱ्या मुलासाठी उलट. इतके साधे हे शास्त्र आहे, आणि ते कोणालाही पडताळून पाहता येते. प्लॉटला रस्ता भलत्या बाजूला असेल आणि सगळेच जमत नसेल, तर जे सोडावे लागेल ते विचार करून सोडावे. भीतीपोटी काही पाडू नये.

स्वयंपाकघराबद्दल दोन शब्द माता-भगिनींसाठी, पण ऐकावेत पुरुषांनी. घरात सर्वांत जास्त तास काम होते ते तिथे, आणि आराखड्यात सर्वांत शेवटी विचार होतो तोही तिथलाच. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने ठरू नये. ज्या बाईला तिथे काम करायचे आहे तिचे कोपर वाकवून जमिनीपासून माप घ्यावे आणि त्याच्या चार-पाच इंच खाली ओटा ठेवावा. बहुतेकींना तो बत्तीस ते चौतीस इंचांवर येतो. पाण्याची जागा, चिरण्याची जागा आणि शेगडी या क्रमाने ओटा असावा, म्हणजे हातातले भांडे घेऊन मागे-पुढे फिरावे लागत नाही. शेगडीच्या अगदी समोर वाऱ्याची खिडकी नको. स्वयंपाकघर, मोरी, न्हाणीघर आणि संडास यांच्या भिंती एकमेकींना लागून ठेवल्या तर नळाचे पाईप थोडक्यात भागतात आणि पुढे गळती लागली तर एकच भिंत फोडावी लागते. मात्र संडासाचे दार स्वयंपाकघरात किंवा बैठकीच्या खोलीत उघडू नये. घरात मुली-सुना असतात. न्हाणीघरातून कपडे घेऊन पाहुण्यांसमोरून जावे लागेल अशी मांडणी त्यांना रोज अवघडून टाकते, आणि त्या ते कधी बोलून दाखवीत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांचाही विचार हवा. त्यांची खाट तळमजल्यावर, संडासापासून थोड्या पावलांवर, मधे उंबरठा नसलेल्या वाटेवर असावी. न्हाणीघराची फरशी खरखरीत घ्यावी आणि भिंतीत धरायला दांडी बसवावी. आमची आई शेवटची तीन वर्षे रात्री भिंत धरून जायची. ती दांडी आम्ही तिच्या पडण्यानंतर बसवली. तुम्ही आधी बसवा.

जिन्याचे गणित अनेकांना माहीत नसते. पायरीची उंची सात इंच आणि रुंदी दहा इंच धरली आणि मजल्याची उंची दहा फूट असेल, तर साधारण सतरा पायऱ्या लागतात. मधे वळण घेणारा सव्वातीन फूट रुंदीचा जिना साठ ते सत्तर चौरस फूट जागा खातो. म्हणजे एक लहान खोलीच गेली. वरचा मजला पुढे कधी तरी बांधायचा असेल तर जिना घराच्या बाहेरच्या बाजूने घ्यावा. उद्या वरचा मजला भाड्याने दिला किंवा दुसऱ्या मुलाचा संसार तिथे थाटला, तरी खालच्यांच्या अंगणातून ये-जा होते, घरातून होत नाही. वरच्या मजल्याचे वजन पाया आणि कॉलम घेतील की नाही हे आजच अभियंत्याकडून ठरवून घ्यावे. ते नंतर वाढवता येत नाही. तसेच प्लॉटवर विहीर किंवा बोअर असेल तर शोषखड्डा तिच्यापासून किमान पन्नास फूट दूर ठेवावा. शेजाऱ्याची विहीरही यात धरावी. पाणी जमिनीखाली कोणाची हद्द पाहत नाही.

आता ज्यांचे घर फार लहान आहे अशा बांधवांसाठी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट धरलेले आहे, स्वयंपाकाच्या जागेसह. आपल्यातील अनेकांची घरे साधारण एवढ्याच मापाची असतात. तेवढ्यात वेगळी अभ्यासाची खोली होणार नाही हे आम्हांला कळते. पण चार फूट बाय चार फुटांचा एक कोपरा होऊ शकतो. त्याचे होतात सोळा फूट, म्हणजे शंभरातले सहा. त्या कोपऱ्यात खिडकी ठेवा. तीन बाय दोनची फळी भिंतीत पक्की बसवा, वर पुस्तकांसाठी एक फूट खोलीचे दोन कप्पे. दोन बाजूंना भिंत असेलच. तिसऱ्या बाजूला पाच फूट उंचीची अर्धी भिंत किंवा जाड पडदा घाला, म्हणजे दिव्याचा उजेड झोपलेल्यांच्या डोळ्यांवर जाणार नाही. त्या कोपऱ्याला दिव्याचे बटण वेगळे आणि मोबाईल-कॉम्प्युटरसाठी प्लग वेगळा ठेवा. वायरिंग करतानाच हे सांगितले तर खर्च नाममात्र येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या कोपऱ्यात धान्याची कोठी, शिलाई मशीन, जुन्या गोधड्या ठेवू देऊ नका. घरातली रिकामी दिसणारी जागा फार दिवस रिकामी राहत नाही.

वंदनेच्या जागेबद्दलही आम्हांला विचारले जाते. तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा बैठकीच्या खोलीत, सर्वांना बसून वंदना म्हणता येईल अशा भिंतीवर असावी. आमची सूचना एवढीच, की तिच्या शेजारी पुस्तकांचे कपाटही ठेवा. कपाट काचेचे असले तरी त्याला कुलूप नको.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी थोडेसे तुमच्याशी. घराचा आराखडा ही मोठ्यांची गोष्ट आहे असे समजून तुम्ही बाजूला बसता. तसे करू नका. चौकटीचा कागद तुमच्याच वहीत असतो. घरात बांधकामाचे बोलणे निघाले की तक्ता तुम्ही भरा, मापे तुम्ही घ्या, आणि आपल्याला बसायला कुठे जागा हवी ते नीट तोंडाने सांगा. आमच्या मुलीने सांगितले नाही, कारण आम्ही विचारले नव्हते. ती समजूतदार होती म्हणून जिन्यावर जाऊन बसली. मुलांच्या समजूतदारपणावर घरे उभी राहू नयेत.

काही वर्षांपूर्वी तिने स्वतःचे घर घ्यायचे ठरवले तेव्हा नकाशा आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, 'बघा जरा.' आम्ही बैठकीची खोली पाहिली, ती लहान होती. आम्ही काही बोललो नाही. खिडकीजवळ तिने पेन्सिलने एक छोटा चौकोन काढला होता आणि त्यात आपल्या मुलाचे नाव लिहिले होते.

तात्पर्य, घराची ऐपत किती हे ज्याच्या-त्याच्या कमाईवर असते. पण आहे त्या जागेतला पहिला तुकडा कोणाला द्यायचा हे आपल्या हातात असते. आपल्यापैकी ज्यांचे बांधकाम येत्या वर्षात निघणार आहे त्यांनी पाया खणण्याआधी कागद घेऊन आमच्याकडे जरूर यावे. फी नाही. अट एकच : येताना घरची सर्व माणसे घेऊन या. कारण आराखड्यावर आमची सही लागत नाही, त्यांची लागते.



जयभीम! नमो बुद्धाय!